वरच्या जबड्यातले दात

दिलशाद सिस्टर नारायणगावच्या आमच्या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं होत्या. पंधरा खाटा, एक ऑपरेशन थिएटर, आणि केसपेपरच्या खिडकीत मी. त्यांचं माहेर जुन्नरचं, सासर मंचरचं. सकाळच्या एसटीनं साडेसातला यायच्या. पोटाचं ऑपरेशन झालेले, डोक्याला मार लागलेले, लकवा झालेले, सगळे त्यांच्या वॉर्डात. डॉक्टर टाके घालून निघून जायचे, पुढचं सिस्टरांचं. लकव्याच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा पडतात. नातेवाईक म्हणायचे, "झोपलाय की निवांत, कशाला हलवता?" त्या तरीही वळवायच्या. त्यांची कंबर त्यातच गेली. साडीच्या आत पट्टा बांधून यायच्या, कुणाला दिसू नये म्हणून.

१९९८च्या जानेवारीत, बेल्ह्याच्या बाजारादिवशी, सकाळी आठला टेम्पोतून हौशीराम आला. बैलांचा व्यापारी, वय पंचेचाळीस. बाजाराला निघाला होता आणि येडगावजवळ मोटारसायकल घसरून डोकं दगडावर आपटलं होतं. बरोबर बायको ठकूबाई, मेहुणा सावळेराम आणि गावातली चार माणसं. हौशीराम शुद्धीत होता. उलट बाजार बुडाला म्हणून चिडला होता.

डॉक्टरांनी तपासलं आणि सिस्टरांना सांगितलं, "दर तासाला बघा. आत रक्त साठायला लागलं तर झोप चढेल. तसं वाटलं की लगेच पुण्याला काढायचं, उशीर झाला तर माणूस हाती लागणार नाही." स्कॅनचं मशीन तेव्हा पुण्यालाच. एवढं सांगून ते थिएटरमध्ये गेले. त्या दिवशी तीन ऑपरेशनं होती.

नऊला सिस्टरांनी बॅटरी डोळ्यांत मारली, हात दाबायला लावले, विचारलं, "नाव काय? गाव कुठलं? आज वार कोणता?" त्यानं सांगितलं. दहाला पुन्हा तेच. अकराला तो वैतागला.

"सिस्टर, किती येळा तेच? आता मी इचारतो. बैलाला वरल्या जबड्यात म्होरं दात किती?"

"आठ?"

"एक बी न्हाई. फकस्त हिरडी." तो हसला, आणि डोकं ठणकलं म्हणून लगेच थांबला. "घेणारा खुळा असला का मग सोळा बी सांगता येत्यात."

सिस्टर हसल्या नाहीत. कागदावर वेळ लिहून पुढच्या खाटेकडे गेल्या.

बाराला उत्तरं थोडी सावकाश आली. एकलाही आली, पण तेव्हा खाटेभोवती माणसं दाटली होती. गावाकडून आणखी सात-आठ जण भेटायला आले होते. दुपारी दोनला सिस्टरांची ड्युटी सुटायची, पण बदलीची सिस्टर आलीच नाही. पिंपळवंडीहून निरोप आला, पोरगी आजारी आहे. सिस्टरांनी पट्टा जरा घट्ट केला आणि पुन्हा वॉर्डात गेल्या. मी काही केसपेपर द्यायला मागोमाग गेलो होतो.

"हौशीरामभाऊ, डोळे उघडा. गाव कुठलं?"

हौशीरामचे ओठ हलले. तेवढ्यात उशाशी बसलेला सावळेराम हळूच म्हणाला, "येडगाव."

"येडगाव," हौशीराम म्हणाला.

"आज वार?"

ठकूबाईनं पदराआडून वार सांगितला. त्यानं तोच म्हटला. सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू पोरगं पास झालं.

सिस्टरांनी सावळेरामकडे पाहिलं. "पावणं, सकाळपासून हे चाललंय?"

"बाराच्या पुढनं," तो म्हणाला. "दमलाय त्यो. जरा आठवण करून दिली तर काय बिघडलं? नापास केला तर तुमी पुण्याला धाडणार. आमच्या आळीतला भिका पुण्याला गेला, तो झाकूनच आला."

 सिस्टर वाकून हौशीरामच्या कानाशी म्हणाल्या, "भाऊ, बैलाला वरच्या जबड्यात पुढं दात किती?"

सावळेराम तोंड उघडून तसाच राहिला. हे विचारलं जाईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

हौशीरामनं जड पापण्या अर्ध्या उघडल्या. "आठ," म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

ठकूबाईच्या हातातला पदर सुटला. "ह्यो सवाल त्यो सोता समद्यांना घालतो," ती म्हणाली. "सोयरीक जुळवताना जावयाला बी घातला व्हता. न्या त्याला. आत्ताच्या आत्ता न्या."

बॅटरी मारल्यावर उजवी बाहुली मोठी दिसली. डाव्या हाताची पकड सुटली होती. सिस्टरांनी थिएटरच्या दारातून डॉक्टरांना सांगितलं. आतून दोनच शब्द आले, "ताबडतोब काढा."

गाडीत पेशंटजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सिस्टरच बसल्या. गाडी मंचरवरून गेली. त्यांचं घर स्टँडच्या मागेच. उतरल्या नाहीत. खेडच्या घाटात त्याला उलटी झाली, तेव्हा त्याला कुशीवर वळवून, एका हातानं त्याची मान आणि दुसऱ्यानं गाडीचा दांडा धरून त्या बसल्या होत्या, असं ड्रायव्हर जलालनं मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडेसातच्या ठोक्याला सिस्टर हजर होत्या. ठकूबाईला त्यांनी पुण्यात त्या संध्याकाळी अर्धा तास शिकवलं होतं, दोन तासांनी कसं वळवायचं, उशी कुठं लावायची, टाचा कशा अधांतरी ठेवायच्या.

पुण्यात डोक्याचं ऑपरेशन होऊन वाचलेला हौशीराम दोन महिन्यांनी तपासणीला आला, डावा पाय ओढत, ठकूबाईच्या खांद्याला धरून. पाठीवर एकही जखम नव्हती. सावळेरामही होता, पण तो दारातच थांबला.

सिस्टर सलाईनची बाटली बदलत होत्या. मागे न वळताच त्यांनी विचारलं, "दात किती, भाऊ?"

ठकूबाईनं स्वतःच्या तोंडावर हात धरला. हौशीरामला शब्द जुळवायला वेळ लागत होता. मला वाटलं, गेलं ते गेलंच.

"म्होरं... एक बी न्हाई," तो म्हणाला. "पण तुमाला इकायचा असंल... तर सोळा."

सिस्टरांनी बाटली अडकवली, ठिबक नीट केली. मग भिंतीशी असलेल्या लोखंडी स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत ड्युटीवर त्यांना बसलेलं मी त्या दिवशीच पाहिलं. ठकूबाईनं तांब्या पुढं केला. सिस्टर पाणी प्यायल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि सात नंबरच्या म्हाताऱ्याला वळवायला उठल्या.