आठ दिवसांचं पीठ

नायगावच्या स्टँडवरून मी लातूरला निघालो, तेव्हा सामानात गॅसची शेगडी, दोन गाद्या, भांड्यांचं पोतं आणि ज्वारीच्या पिठानं भरलेला पत्र्याचा मोठा डबा होता. महिनाभर पुरेल एवढं पीठ आदल्या दिवशीच दळून आणलं होतं, कारण मी पडलो तयारीचा माणूस. कंडक्टर डब्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, लातुरात ज्वारी मिळत न्हाई का?" मी डबा सीटखाली सरकवला. घराचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं होतं, तरी ते नीट लागलं का, हेच डोक्यात फिरत होतं. लहानपणी घरातून कुणीही गावाला निघालं की आई दारात उभी राहून एकच सांगायची, "पोचल्याचं कळीव रे बाबा." त्या दिवशी दारात सांगायला कुणी नव्हतं.

लातूरच्या त्या गच्चीवरच्या आज्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही, तेव्हा नातवंडांनी वाचून दाखवावं. तुमच्यासारखाच मीही नातीसाठी लातूरला आलो होतो. श्रुती दहावी झाली आणि दोन वर्षं लातूरला राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास करायचे ठरले. मुलगा आणि सून दोघंही किनवटला नोकरीला. मेसच्या जेवणानं पोरगी आजारी पडेल, घरचं कुणीतरी सोबत पाहिजे, अशी चर्चा चालली होती. मी म्हणालो, मी जातो. सगळे हसले, कारण मला चहाच्या पलीकडे काही येत नव्हतं. पण खरं सांगतो, मी श्रुतीसाठी गेलोच नव्हतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. शेजारून डबा यायचा, तो खायचा आणि भिंतीकडे बघायचं. घरात बोलायला माणूस असेल, या एका लोभानं मी निघालो होतो.

आणि येऊन पडलो कुठं, तर त्या बिल्डिंगमध्ये! जिन्यातच कागद चिकटवलेला, 'मुले अभ्यास करीत आहेत, हळू बोला.' तीन मजले, प्रत्येक दाराआड एक मूल पुस्तकात डोकं घालून बसलेलं आणि त्याच्यासाठी स्वयंपाक करणारी एक म्हातारी मुकाट्यानं वावरणारी. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घसा फोडलेला माणूस. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा स्वभाव. श्रुती क्लासवरून आली की मी सुरू व्हायचो. आज काय शिकवलं, सर कुठले, नायगावात काय झालं, तुझी आजी काय म्हणायची. ती बिचारी ऐकायची. मग पहिल्या टेस्टचे मार्क आले, ते कमी होते. ती रडली आणि म्हणाली, "आजोबा, प्लीज. तुम्ही लई बोलता." तिचं काही चुकलं नाही. पण त्या दिवसानंतर मी गप्प झालो, तो असा गप्प झालो की फोनवर मुलानं विचारलं, आवाज का बसलाय. नायगावात मी एकटा होतो, पण तिथं निदान मोठ्यानं खोकता तरी येत होतं.

त्यात भाकरीचा वांधा. रोज थापायला घ्यावी आणि तव्यावर जाईस्तोवर तिचे चार तुकडे व्हावेत. श्रुती ते तुकडे भाजीत कुस्करून मुकाट खायची, ते मला जास्त लागायचं. उरलेले तुकडे ताटलीत घेऊन मी दुपारी चारला, मुलं क्लासला गेली की गच्चीवर चिमण्यांना टाकायला जायचो. टाकीच्या सावलीत तुम्ही सगळ्या बसलेल्या असायच्या. बायकांच्या घोळक्यात कसं बसावं, म्हणून मी पलीकडच्या कठड्याशी उभा राहायचो. आठ-दहा दिवसांनी तुमच्यातून एक आवाज आला, "गुरुजी, तुमच्याकडं रोजच चिमण्यांची पंगत हाय का?" सगळ्या हसल्या. त्या आमच्या समोरच्या खोलीतल्या वैष्णवीच्या आजी. चाकूरकडच्या.

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, हातच वाईट आहे माझा. त्यांनी मूठभर पीठ खालून आणायला सांगितलं, तळहातावर दोन थेंब पाणी घेऊन ते मळून पाहिलं आणि फेकून दिलं. "हाताची चूक न्हाई तुमच्या. पीठ शिळं हाय. विरी गेली याची." विरी म्हणजे पीठ एकमेकाला धरून ठेवतं तो चिकटपणा. ज्वारीचं पीठ पडून राहिलं की तो जातो, मग ब्रह्मदेव आला तरी भाकरी चिरणारच. "आठ दिसाच्या वर दळण ठिवूच नाई," त्या म्हणाल्या. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी जन्मभर फळ्यावर लिहिली. माझं अंगण मात्र खरंच वाकडं निघालं.

ताज्या पिठावर त्यांनी मला शिकवलं. गच्चीवर शेगडी नव्हती, तेव्हा नुसतंच थापून दाखवायच्या आणि माझं बघून करवादायच्या. "मधी कशाला बडवता? कडंला हात फिरवा. अन् बोटं न्हाई हो, तळवा!" मी पहिलीच्या पोरांना ज्या सुरात बोलायचो, तोच सूर. मला राग यायला हवा होता, पण मी दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच गच्चीवर हजर. जवळपास महिन्यानं माझी भाकरी टम्म फुगली. श्रुती पुस्तक टाकून धावत आली, "आजोबा, फुगली!" त्या रूममध्ये आम्ही दोघं मोठ्यानं हसलो, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढची दीड-पावणेदोन वर्षं मला आता दुपारी चारचीच आठवतात. दर आठवड्याला दळण घेऊन गिरणीवर जायचं, येताना भाजी, मग गच्ची. कुणाची टेस्ट कशी गेली, कोण जेवत नाही, नळाला पाणी कधी. आपल्याला तिथं नावं नव्हती. रोहनची आजी, पायलची आजी, श्रुतीचे आजोबा. कुणी कुणाला नाव विचारलं नाही, विचारायचं सुचलंही नाही. वैष्णवीच्या आजी एकदा म्हणाल्या, "गावात बसायला फुरसत नव्हती, अन् इथं बसून पाय आकडले. तुमी हाव म्हून दिस सरतोय." एवढंच. मी ते ऐकलं आणि शेंगा सोलत राहिलो.

आता जे सांगायचं ते जड जातं. त्यांना घरी फोन करायचा असला की वैष्णवीची वाट बघावी लागे. फोन तिचा, क्लासला जाताना ती तो खोलीतच ठेवायची, पण आकडे त्यांना ओळखू येत नव्हते. एकदा त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, मला तेवढं आकडे वळखायला शिकवा की." मी म्हणालो, "आणा इकडं, मी लावून देतो." आणि लावून दिला. पुन्हा एकदा विचारलं, तेव्हाही लावून दिला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, नुसता फोन पुढे केला. हजारभर पोरांना बाराखडी शिकवलेला मी, दोन वर्षं त्यांच्याकडून शिकत राहिलो आणि दहा आकडे शिकवायला मला सवड झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मीच.

श्रुती आणि वैष्णवी, दोन्ही पोरींना डॉक्टरकीला नंबर लागले. आनंदच होता. श्रुतीच्या प्रवेशासाठी मी चार दिवस गेलो आणि परत येऊन बघतो तर समोरच्या दाराला कुलूप. वैष्णवीचे वडील गाडी घेऊन आले आणि सामान भरून घेऊन गेले, असं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं. माझ्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती. आत पीठ. आजी म्हणाल्या होत्या, गुरुजी थकून येतील, घरात पीठ नसंल. आठवडाभर बांधाबांध करत मी त्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या. रोज एकेक दार बंद होत होतं. चारला गच्चीवर गेलो तर टाकीची सावली रिकामी.

परतीची गाडी चाकूरला दहा मिनिटं थांबली. मी खाली उतरलो. स्टँडवर डोक्यावर पदर घेतलेल्या कितीतरी बाया होत्या. विचारणार काय? वैष्णवीची आजी कुठं राहते? कोणती वैष्णवी? तेव्हा कळलं की मला त्यांचं नाव माहीत नाही, आडनाव नाही, गाव नाही. कंडक्टरनं घंटी मारली आणि मी चढलो. नायगावला पोचून कुलूप उघडलं, दिवा लावला आणि सवयीनं खिशातून फोन काढला. श्रुती नव्या हॉस्टेलात, मुलगा ड्युटीवर. पोचल्याचं सांगावंसं वाटलं ते एकाच माणसाला, आणि त्या माणसाकडे फोन नव्हता.

वैष्णवीचा नंबर होता माझ्याकडे. दोनदा केलाही. "आजी बऱ्या आहेत ना?" "हो आजोबा, मस्त." पुढं विचारवलं नाही. सत्तरीच्या विधुरानं कॉलेजातल्या पोरीला तिच्या आजीचं नाव-गाव विचारायचं, म्हणजे लोक काय म्हणतील! म्हातारपणी ही भीती जाते म्हणतात. माझी गेली नाही. मुलगा म्हणतो किनवटला या. पण ती दोघं सकाळी बाहेर पडली की तिथल्याही भिंती भिंतीच.

मागच्या आठवड्यात मी दळण घेऊन गेलो. गिरणीवाला वैतागून म्हणाला, "गुरुजी, एकट्यासाठी दर आठ दिवसाला काय येता? महिन्याचं एकदाच आणा की." मी म्हणालो, "विरी जाते." आणि लक्षात आलं, परवापासून माझ्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता. घरी आलो, पीठ तसंच ठेवलं आणि वैष्णवीला फोन लावला. "बाळ, तुझ्या आजीचं नाव काय गं?" तिलाही ते ठाऊक नव्हतं. हळूच म्हणाली, "आजोबा, आधार कार्डावर आहे. पप्पांना विचारून सांगते."

संध्याकाळी तिचा मेसेज आला. नाव आणि गाव, दोन्ही. ते मी इथं लिहीत नाही. बाजारातून एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा आणून ठेवला आहे. त्या नावाची पहिली अक्षरं त्यांच्या हातची असावीत, आणि त्याखाली माझ्या फोनचे दहा आकडेही. येत्या सोमवारी चाकूरच्या गाडीत बसेन म्हणतो. ताज्या पिठाची पिशवी सोबत घेईन. त्या दारात उभं करतील की नाही, त्यांच्या मुलांना हे कसं वाटेल, मला ठाऊक नाही.

नायगावचं घर माझ्या नावावर आहे, पण पोचल्याचं ज्याला कळवावंसं वाटतं ते माणूस जिथं असेल, ते घर, असं आता मला वाटतं. वैष्णवी, मी जाईपर्यंत एवढं कर. हे आजीला फोनवर वाचून दाखव. म्हणावं, श्रुतीचे आजोबा नायगावला पोचले. कळवायला चौदा महिने उशीर झाला.