गाठीची नळी

बोकडाशी माझ्या दाजींइतका इमानानं वागलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. येडशीजवळच्या एका वाडीत त्यांचं घर, आणि त्या घरात पाहुण्यांपेक्षा शेळ्यांची बडदास्त मोठी. बोकड विकायचं झालं तर दाजी गिऱ्हाइकाचं घराणं विचारत. पोरगी देताना एवढी चौकशी केली नव्हती, असं अक्का म्हणायची. एकदा दोघं मोटरसायकलवर कळंबला माझ्याकडे आले, तेव्हा मध्ये बोकड बसलं होतं आणि ऊन लागू नये म्हणून त्याच्या डोक्यावर अक्काचा पदर होता. अक्का उतरल्या उतरल्या म्हणाली, "लग्न होऊन तीस वर्सं झाली, माझ्या उन्हाची फिकीर केली का कधी?" दाजी शांतपणे म्हणाले, "तुला बोलता येतंय की. ते मुकं हाय."

आणि हाच माणूस त्याच बोकडाच्या मटणाला परक्याचा हात लागू देत नसे. सुरी फिरवायची ती गावच्या मुलाणीचाचांनी, पिढ्यान्‌पिढ्यांची रीतच ती. पण तिथून पुढचं सोलणं, तोडणं सगळं दाजींचं. त्यासाठी चिंचेच्या खोडाचा एक ठोकळा होता, त्यावर दुसऱ्या कुणी बसलेलंही त्यांना खपत नसे. खाटकाच्या दुकानाविषयी त्यांचं मत पक्कं होतं. "तितं मटन मिळतंय. आपलं बोकड मिळत न्हाय." तोडून झालं की पळसाच्या पानांवर सारखे वाटे घालायचे आणि मग भिंतीकडं तोंड करून, पाठ फिरवून बसायचं. अक्का एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायची, "ह्यो कुणाचा?" दाजी न बघता नाव घ्यायचे. पाठमोऱ्या माणसाला लबाडी करता येत नाही, एवढा साधा कायदा. एकदा सरपंचांच्या वाट्याला हाडंच जास्त आली, ते कुरकुरले. दाजी म्हणाले, "बदलून देतो की. फकस्त परत पाठ फिरवून तुमी बसा." सरपंच हाडं घेऊन गेले. माझा वाटा निघाला की मात्र दाजी त्यात नळीचं हाड वरून टाकत. मी शाळकरी असल्यापासून नळी ठोकून चोखायचो, ते त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. "बापूला लागती," म्हणायचे. कायद्याला एवढी एकच पळवाट.

माझ्या पोराला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, तेव्हा मी दवाखान्यात होतो आणि दाजी त्यांच्या वाडीवरच्या पिराला गेले. पोरगं उठू दे, कंदुरी करतो, बोकडाचं जेवण घालतो, असं बोलून आले. नवसाला काळं करडू राखलं. पुढं त्या करडाचा पाय टेम्पोखाली मोडला, तर बांबूच्या कामट्या बांधून दाजींनी तो सांधला. मागच्या उजव्या नळीवर सुपारीएवढी गाठ राहिली. पोरगं बरं झालं, बोकड मोठं झालं, आणि मी हट्ट धरला की जेवण कळंबला, माझ्या नव्या घरी करायचं. मी शिकवतो त्या शाळेतले सगळे सहकारी येणार होते, हेडमास्तर येणार होते. मला माझ्या पांढऱ्या फरशीवर रक्त नको होतं. खरं सांगायचं तर मला त्या फरशीवर, बनियनवर, सुरी घेऊन बसलेले दाजी नको होते.

दाजी बोकड घेऊन आदल्या रात्रीच आले होते. सकाळी ते न्हाणीत गेल्यावर मी बोकड खाटकाच्या दुकानावर नेलं, तिथं सोडलं आणि तासाभरानं मटण घेऊन आलो. दाजी पोतडीतून सुरी काढून बसले होते. पिशव्या बघून त्यांनी सुरी परत गुंडाळली. मग परातीत हात घालून एकेक हाड चाचपायला लागले. पाहुणे आले तरी चाचपतच होते.

"बापू, गाठीची नळी न्हाय ह्यात."

"तुटली असेल, दाजी."

"माझ्या हातानं बांधलेली गाठ हाय ती. हे आपलं बोकड न्हाय. पिराला दुसऱ्याचं कसं द्यावं?"

हेडमास्तर बघत होते. मी हसून म्हणालो, "दाजी, येड्यासारखं करू नका. लोक हसतील." आणि लोक हसलेच, सगळ्यांत आधी मी.

दाजींनी सगळ्यांना वाढलं, स्वतः भाकरीबरोबर कांदा खाल्ला. दोन दिवसांनी दुकानदारानं मला रस्त्यात गाठलं. "गर्दीत अदलाबदल झाली सर, माफ करा." मी म्हणालो, असू द्या. घरी आलो, कुणाला बोललो नाही. वर्षभरानं दाजींकडून मटणाचा डबा आला. 'राग गेला वाटतं' म्हणून मी चवीनं जेवलो. त्यांनी दुसरं बोकड राखून माझ्या पोराचा नवस परत फेडला होता, हे अक्कानं फार उशिरा सांगितलं. कंदुरीच्या त्या दिवसापासून मी त्यांचा बापू राहिलो नाही. भेटलो की म्हणतात, "या सर, बसा."

गेल्या साली लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला. मागच्या महिन्यात मी वाडीवर गेलो, तर मुलाणीचाचा नुकतेच सुरी फिरवून गेले होते आणि तोडायला कुणी नव्हतं. अक्का म्हणाली, दुकानात धाडू का? दाजी माझ्याकडं बघत राहिले. मी शर्ट काढला, बनियनवर ठोकळ्यापुढं बसलो. दोन ठिकाणी बोट कापलं, हाडांचा चुरा केला. दाजी बाजेवरून एवढंच म्हणाले, "सांध्यावर मारा सर. हाडाशी भांडू नगा." कसेबसे सात वाटे घातले. दाजींनी भिंतीकडं तोंड केलं.

मी पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं आणि त्या पाठीला म्हणालो, "दाजी, त्या दिवशी बोकड बदललं होतं. दुकानदारानं मला दोन दिवसांनी सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

अक्काच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दाजींची पाठ हलली नाही. भिंतीकडूनच आवाज आला, "वाटा दावा."

"ह्यो कुणाचा?"

"मुलाणीचाचाचा."

असे सहा झाले. सातव्यावर मी बोट ठेवलं. बापूचा म्हणतील, एवढंच एक नाव मला हवं होतं.

"ह्यो कुणाचा?"

"सरांचा," दाजी म्हणाले.

मी पानं उचलायला लागलो. ते अजून भिंतीकडंच बघत होते. मग अक्काला हळूच म्हणाले, "अगं, त्यात नळी घाल. लागती त्याला."