आधी काय जमणार नाही ते बोला

दौंडच्या कॉलेजात प्रकल्पाचे गट पडले की दरेकर सर लगेच विषय सांगत नसत. गटाला गोल बसवायचे, स्वतः खिडकीला टेकायचे आणि म्हणायचे, "आधी काय जमणार न्हाई ते बोला. जमणारं तर कुणीबी सांगतंय."

सर शिरूरकडचे, शेतकऱ्याघरचे. त्यांची सगळी शिस्त सावडीची. "आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. पण बैल कुणाचा, भाकरी कुणाची, हे बांधावरच ठरतं. नांगर धरल्यावर न्हाई." गटाला ते पुढारी नेमत नसत. अट एकच, प्रत्येकाला दुसऱ्याचं काम सांगता आलं पाहिजे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी गटात आम्ही तिघं होतो. रेल्वे कॉलनीतली मेरी म्हणाली, रविवारी सकाळी चर्च. मी म्हणाले, "संध्याकाळची आमच्या गावची, राहूची एसटी मला चुकवता येत नाही." कारण आप्पांनी, माझ्या वडिलांनी, बजावलं होतं, एकदा जरी उशीर झाला तरी कॉलेज बंद.

केडगावचा विलास हसला. "म्हंजी बाईसाहेबांचं नुसतं नाव छापायचं व्हय?"

"तुझं काय जमत न्हाई?" सरांनी विचारलं.

विलासनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "लिहायचं, सर. बोलतो झकास, पण लिहायला बसलो की गाडी सिग्नलला उभी."

"झालं की! ही लिहील, तू फिर. आन् हिला थांबता येत न्हाई, तर प्रकल्पच हिच्या गावात न्या." असा आमचा विषय ठरला, राहूचा दूधधंदा.

शेवटच्या आठवड्यात कॉलेजात सगळं जुळवायचं काम रेंगाळलं. विलास म्हणाला, "आज एक दिवस थांब की." मी रडकुंडीला आले. सर दारातूनच म्हणाले, "ठरलेलं बदलायचं तर परत गोल बसा." आम्ही बसलो. विलासनंच तोडगा काढला, रविवारी दुपारी राहूला, माझ्या घरी.

सरही आले. आप्पा ओसरीवर बसून आमचं काम बघत होते. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, खरं सांगा. पोरीला काय येतं का?"

"मला नका विचारू, आप्पा. ह्याला विचारा, ह्यानं काम केलंय तिच्यासंगं."

विलासनं मी लिहिलेलं सगळं सांगितलं. पेंडीचा खर्च, डेअरीचा भाव, दूध काढणाऱ्या बायकांच्या हाती काय पडतं, आणि हा सगळा हिशेब मी कसा जुळवला. मधे कुठंही अडला नाही. मेरीनं दोन गोष्टी जोडल्या. मी मान खाली घालून ऐकत होते. माझ्याविषयी आमच्या ओसरीवर इतकं कुणी कधी बोललं नव्हतं.

आप्पांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

"बी.ए.च्या पुढं काय असतंय, सर?"

"तिलाच विचारा की."

आप्पा माझ्याकडं वळले. मी म्हणाले, "एम.ए. असतं, आप्पा. पुण्याला."

"मग तिथं कवा जायचं?" आप्पा म्हणाले.