तिसरं बटण

शर्ट शिवणाऱ्या त्या बाईला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे तिला कशावरूनबाई म्हणत, आणि ते तिलाही ठाऊक होतं. गिऱ्हाइकाने गळा पंधरा म्हटला की ती विचारणार, "कशावरून?" आणि टेप लावून स्वतः मोजणार, तेही दोनदा. कापडवाला म्हणाला कापड आटत नाही, तर त्याच्यादेखत तुकडा पाण्यात बुडवणार. या बाईला फसवणं अवघड, असं लोक म्हणत. तिच्याबरोबर राहणं त्याहून अवघड, असं तिचा धाकटा भाऊ म्हणे, पण हसत म्हणे.

भावाला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. लढाई सुरू झाली आणि विसाव्या वर्षी तो विमान शिकायला गेला. तळ शहराबाहेर, बसने तासाभरावर. निघताना त्याच्या गणवेशाच्या कोटाची पाचही बटणं तिने उसवून पुन्हा टाकली, कारण सरकारी टाक्यांवर तिचा कसला विश्वास! चार महिन्यांनी पत्र आलं, ताई, आता मी एकटा उडवतो. तिने उलट टपाली विचारलं, कशावरून? पुढच्या आठवड्यात पत्राऐवजी सरकारी कागद आला. सरावाच्या उड्डाणात मृत्यू. कारण, वैमानिकाची चूक.

गेला, हे तिने मानलं. मानावंच लागलं. पण चूक? ज्या पोराने तिच्या हाताखाली कधी एक काज वाकडं केलं नाही, तो चुकला? हे काही तिच्या गळी उतरेना. मग त्याची ट्रंक आली. दार लावून तिने एकेक कपडा उलटा करून पाहिला आणि कोटापाशी थांबली. चार बटणं तिची, टाके फुलीचे. तिसरं मात्र परक्या हाताचं, जाड मेणाच्या दोऱ्याने सरळ दोन टाके घालून, आणि गाठ लपवायची सोडून वर ठेवलेली. कुठला शिंपी अशी गाठ ठेवेल?

झालं. कुठेतरी पाणी मुरतंय हे तिने तिथेच ठरवलं. यंत्र बिघडलं होतं, पोराने तक्रार लिहून खिशात ठेवली होती, ती काढून घेताना झटापटीत बटण तुटलं, आणि मग कुणीतरी घाईने लावून टाकलं. असा सगळा हिशेब तिच्या डोक्यात पक्का बसला. तेव्हापासून तिने कुणाला सोडलं नाही. साहेब गोड बोलला तर का गोड बोलतो, तुसडा बोलला तर काय लपवतो? "वैमानिकाची चूक" खोडा, एवढीच तिची मागणी. तीस वर्षांत तीस अर्ज झाले. दरवेळी वाटाण्याच्या अक्षता.

तळ केव्हाच बंद पडला. धावपट्टीच्या टोकाला सरावात गेलेल्या मुलांच्या नावांचा दगड आहे, तिथे वर्षातून एकदा माणसं जमतात. हवाई दलाच्या कार्यालयाचा एक कारकूनही येतो, आणि त्याच्या हातात अर्ज ठेवायला ती जाते. एकतिसाव्या वर्षी तिच्या शेजारी एक वाकलेला म्हातारा उभा होता. त्याच्या पिशवीचा बंद तुटून शिवलेला होता. मेणाचा दोरा, सरळ दोन टाके, गाठ वर.

तिने पिशवीच धरली. हा टाका कुणाचा, म्हणून खनपटीला बसली. म्हातारा चपापला. टाका माझाच, म्हणाला. शिकाऊ विमानांच्या पंखांना तेव्हा कापड असायचं, ते शिवायचं काम त्याच्याकडे होतं. पंखावर गाठ अशीच मारायची, दिसली पाहिजे, म्हणजे सुटली तर कळते.

"माझ्या भावाच्या कोटाचं बटण तुम्ही का उसवलंत?"

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्यांच्या ताई," तो म्हणाला. "उसवलं नाही हो. तुटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सुट्टीवर घरी येणार होते. म्हणाले, माझी बहीण आधी बटणं बघेल, मग माझं तोंड. कोट माझ्याकडे टाकून उडायला गेले."

"कुठे?"

"जायची परवानगी नव्हती तिकडे, शहरावर. म्हणाले, ताई विचारते कशावरून, तर आज घरावरून उडून दाखवतो. परत येताना तसेच खाली राहिले आणि नदीवरच्या तारांत अडकले. मी हे कुठे बोललो नाही. एवढंच कधी कळलं नाही, की तुमच्या घरापर्यंत पोचले का?"

ती दगडाच्या कट्ट्यावर बसली. त्या दुपारी ती कॉलर टाचत होती. छपरावरून विमान गेलं, टेबलावरची कात्री थरथरली. शेजारीण जिन्यातून ओरडली, बघ गं, तुझाच असेल. तोंडात टाचण्या धरून ती म्हणाली होती, कशावरून? विमान पुन्हा आलं होतं.

"पोचला," ती म्हणाली. "दोनदा फिरला. दुसऱ्यांदा फार खाली होता."

"पाहिलंत तुम्ही?"

"नाही. मी उठलेच नाही."

म्हातारा तिच्याशेजारी बसून राहिला. लोक पांगू लागले. कारकून नेहमीसारखा तोंड पाडून आला आणि त्याने अर्जासाठी हात पुढे केला.

"या वर्षी अर्ज नाही," ती म्हणाली. "कागदात लिहिलंय ते बरोबर आहे."