नणंद-भावजयीची डबलसीट

मोटरने धक्का दिला, सायकलने उडी मारली आणि दोघी थेट कुंपणालगतच्या गवतात गेल्या.

"आई गं!" वैशाली ओरडली.

"वैशू, लागलं का तुला?"

"मला नाही. वहिनी, तुला?"

"कोपर खरचटलंय. पण काय जोरात गेली गं!"

मी धावत पोचलो. सुनंदाताई गवतात बसून हसत होत्या. डोक्यावर हेल्मेट, हाताला चिखल. त्या जन्मापासून दृष्टिहीन आहेत. वैशाली त्यांची धाकटी नणंद. सायकल दोघींची, दोन सीट आणि दोन पेडलच्या जोड्या असलेली. त्यात इलेक्ट्रिक मोटर बसवली होती मी. त्यामुळे गवतात माझंही नाव होतंच.

मी भोईर. मोरिवलीचा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. रिटायर झाल्यावर साध्या सायकलींना मोटर आणि बॅटरी बसवून द्यायचं छोटं दुकान टाकलं. पेपर टाकणारे, दूधवाले, गुडघे कुरकुरणारे माझ्या वयाचे लोक, असं गिऱ्हाईक. काम चांगलं, पण सगळं एकसारखं.

मग एक दिवस या दोघी आल्या. सुनंदाताई वांगणीला राहतात आणि बदलापुरात गाण्याचे क्लास घेतात. वैशाली बदलापूर एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. दोघींची जायची वाट एक, यायची वाट एक.

"मग दोघींना एक सायकल का नको?" सुनंदाताईंनी विचारलं.

"कॅरिअरवर बसाल?"

"छे! मला बसायचं नाही, चालवायचंय. हँडल वैशूकडे. पाय माझेपण. रिक्षात लोक मला दंड धरून सामानासारखं आत ठेवतात. कंटाळा आलाय त्याचा."

वैशाली म्हणाली, "मी शाळेपासून सायकल चालवते, काका. पण दोघींचं वजन घेऊन वांगणीचा चढ नाही जमणार. म्हणून मोटर."

"घरचे काय म्हणतात?"

"घरचे म्हणतात, लोक काय म्हणतील," सुनंदाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, लोक म्हणतील, नणंद-भावजयीचे पाय पहिल्यांदाच एका दिशेने चालले!"

मी हो म्हटलं. खरं सांगतो, नोकरीला लागल्यानंतर पहिलं मशीन माझ्या ताब्यात दिलं होतं तेव्हा जसं वाटलं होतं, तसं वाटलं. जेवताना ताटातल्या भाकरीवर बोटाने फ्रेम काढत होतो.

तयार डबलसीट सायकल आमच्या भागात कुठे मिळणार? मी उल्हासनगरला हरेशभाईंकडे गेलो. त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. जाळ्या, गेट, हातगाड्या, काय वाट्टेल ते बनवतात. माझं चित्र त्यांनी उलटं धरून बघितलं, मग सुलटं धरलं.

"साईं, ये सायकल है या रेलगाडी?"

"दोन सायकली कापून एक करायची."

"वेल्डिंग की गॅरंटी मेरी. बॅलन्स की नहीं."

फ्रेम त्यांनी झकास बनवली. जाड पाइप आणि मध्ये आडवा आधार. मी दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक लावले. दोन माणसांचं वजन थांबवायचं म्हणजे साधे रबरी ब्रेक पुरत नाहीत. मागच्या चाकात मोटर बसवली. कायद्यात बसते तेवढीच, लायसन्स लागत नाही अशी. दुकानात दोघींना तेही सांगितलं होतं, की मोटर फक्त मदत करणार, चढावर पेडल मारायलाच लागेल.

"मारू की," सुनंदाताई म्हणाल्या. "मी काय मागे बसून आलाप घ्यायला येतेय?"

आता ती गवतात का गेली ते सांगतो. अशा सायकलीत पेडलपाशी एक सेन्सर असतो. पेडल फिरलं की तो कंट्रोलरला सांगतो, माणूस पेडल मारतोय, मदत कर. कंट्रोलर म्हणजे मोटरचा मेंदू. तो मोटर चालू करतो. साध्या सायकलीत हे सोपं आहे, पेडल मारणारा आणि हँडल धरणारा एकच. इथे दोघींची पेडलं एका चेनने जोडलेली. वैशालीचा एक पाय अजून जमिनीवर होता. मागून सुनंदाताईंनी उत्साहाने पेडल दाबलं. सेन्सरला काय कळणार, कुणाचा पाय तो? त्याने मोटर सोडली.

रविवार होता. एमआयडीसीचा रस्ता मोकळा होता, म्हणून कोपरावर निभावलं.

"मोटर काढून टाकतो," मी म्हणालो. "साधी डबलसीट चालवा. रिस्क नको."

"का?" सुनंदाताई उठून उभ्या राहिल्या. "पडलो ते मोटरमुळे नाही. वैशू तयार नव्हती, ते मला कळलं नाही. मी तयार होते, ते मोटरला कळलं, पण वैशूला कळलं नाही. तिघांचं बोलणं झालंच नाही, भोईरभाऊ."

वैशाली म्हणाली, "वहिनी, मी 'थांब' म्हणाले होते."

"ऐकलं गं. पण तोवर माझा पाय पेडलवर खाली गेला होता. आणि माझ्याकडे थांबवायला होतं काय? पुढे दोन ब्रेक. मागे नुसती दांडी!"

ते वाक्य ऐकलं आणि मला आमची जुनी प्रेस आठवली. पत्रा कापायची पॉवर प्रेस. तिला दोन बटणं होती, दोन हातांसाठी, लांब लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसे. एक हात जरी दुसरीकडे असला तरी मशीन गप्प. माझी सगळी नोकरी अशा बटणांची देखभाल करण्यात गेली.

"ताई," मी म्हणालो, "तुम्हाला लिव्हर देतो. ब्रेकसारखीच, पण तिने चाक धरायचं नाही. फक्त मोटर तोडायची. तुम्ही ती दाबून धरलीत की मोटर बंद. सोडलीत तरच चालू. पुढे वैशालीच्या ब्रेकलाही तसाच कटऑफ आहे. दोघींनी सोडल्याशिवाय मोटर हलणार नाही."

"म्हणजे माझ्या परवानगीशिवाय नाही?"

"नाही."

"वैशू, ऐकलंस का? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!"

वैशालीने कपाळावर हात मारला.

लिव्हर लावायला मला फार वेळ लागला नाही. तिची वायर मी मुद्दाम वेगळी नेली, पुढच्या वायरींमध्ये मिसळली नाही. मग आम्ही बोलायची पद्धत ठरवली. निघताना दोघी लिव्हर दाबून धरणार. वैशाली विचारणार, "सोडू?" सुनंदाताई म्हणणार, "सोड." मग दोघी सोडणार. थांबायचं असेल तर वैशाली फक्त "कट" म्हणणार. पुढे खड्डा असेल तर "खड्डा", कारण मागच्या माणसाला तो दिसत नसेल तर तो पाठीच्या कण्यातूनच कळतो.

त्याच रस्त्यावर पुन्हा.

"सोडू?"

"सोड."

सायकल सरळ गेली. हळूच, लोण्यासारखी. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठला. वळणावरून दोघी परत आल्या तेव्हा सुनंदाताई खरंच आलाप घेत होत्या, आणि पायही मारत होत्या. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या वयाला शोभत नव्हतं, पण वाजवल्या.

बॅटरीचं शिकवणं राहिलं होतं. चार्जिंग सुनंदाताई करणार होत्या, कारण वैशालीची शिफ्ट.

"पलंगाखाली लावून ठेवू?" वैशालीने विचारलं.

"अजिबात नाही. पलंगाखाली नाही, गादीवर नाही, दाराच्या वाटेतही नाही. मोकळ्या फरशीवर. घरात कुणी जागं असताना. चार्जर याच बॅटरीचा, शेजाऱ्याचा नाही. उन्हातून आल्यावर लगेच लावायची नाही, आधी निवू द्यायची. भिजली, पडली, फुगलेली वाटली तर लावायचीच नाही, मला फोन."

"आणि भरली ते मला कसं कळणार?" सुनंदाताईंनी विचारलं. "तुमचा तो लाल-हिरवा दिवा काय कामाचा?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. चार्जर बनवणाऱ्यालाही नसेल. मी त्यांना टायमरवाला सॉकेट लावून दिला. चकती फिरवून ठेवायची. वेळ झाली की "टक" होतं आणि करंट बंद. सुनंदाताईंनी ती चकती हाताने फिरवून बघितली, टक ऐकलं, पुन्हा फिरवली.

"हे आवडलं," म्हणाल्या.

पुढच्या रविवारी खरी ट्रायल. सायकल टेम्पोत घालून बदलापूरला न्यायची आणि तिथून दोघींनी ती वांगणीपर्यंत चालवायची. मी मागून स्कूटरवर. हरेशभाई टेम्पो घेऊन आले आणि परत जायला तयारच नव्हते.

"मैं भी चलूंगा. मेरी वेल्डिंग है."

ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. त्यांचं वजन बघता मोटरची गरज मलाच होती.

बदलापूरची वस्ती मागे पडली. रस्त्याच्या कडेला शेतं, मध्ये मध्ये फार्महाऊसची कुंपणं. दोघी छान लयीत होत्या. चढ आला. मोटरचा आवाज थोडा जड झाला, चार पाय जोरात फिरले आणि सायकल वर गेली. मोटरसायकलवरची पोरं बाजूला येऊन ओरडली, "भारी, ताई!" सुनंदाताईंनी आवाजाच्या दिशेने हात हलवला.

मग उतार. आणि उताराच्या मध्यावर एका फार्महाऊसच्या गेटमधून ट्रॉलीसकट ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये रस्त्यावर आला.

वैशालीने ब्रेक दाबला. मी मागून बघत होतो. सायकलचा वेग कमी व्हायला हवा होता तसा होईना. मागून पेडल फिरत होतं, मोटर ढकलत होती. कटऑफ चाललाच नव्हता. एकीकडे ब्रेक चाक धरतोय, दुसरीकडे मोटर रेटतेय, त्यात दोन माणसांचं वजन आणि उतार. हरेशभाईंनी माझा खांदा इतका आवळला की नंतर दोन दिवस दुखत होता.

"वहिनी, कट! कट!"

मोटरचा आवाज तुटला. पाय थांबले. ब्रेकने चाकं धरली. सायकल थोडी घसरली आणि ट्रॉलीच्या अलीकडे हातभर अंतरावर उभी राहिली. दोघींनी एकदम पाय टेकवले.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला तो घाबरूनच. वैशालीने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. सुनंदाताई शांत होत्या. लिव्हर अजून दाबलेलीच होती.

"ताई, सोडा आता," मी म्हणालो.

"थांबली ना नक्की?"

"थांबली."

"मग सोडते."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून वायरिंग तपासलं. टेम्पोत सायकल मावत नव्हती म्हणून आम्ही हँडल पूर्ण वळवलं होतं. त्यात वायर ताणली गेली आणि पुढच्या दोन्ही ब्रेकच्या कटऑफचा कनेक्टर निसटला. वायर सुटली की कंट्रोलरला वाटतं, ब्रेक दाबलेलाच नाही. तो बिचारा मदत करत राहतो. चेकिंग मी केलं होतं, पण दुकानातून निघताना. टेम्पोतून उतरवल्यावर नाही.

कनेक्टर बसवला, वायरीला हँडलपाशी ढील दिली, क्लिपने बांधली. हरेशभाईंनी प्रत्येक वेल्डिंगवर हात फिरवला. काही झालं नव्हतं.

"इथून टेम्पो बोलवू?" मी विचारलं.

वैशालीने सुनंदाताईंकडे बघितलं. "वहिनी, काय करायचं?"

"तू ठरव. हँडल तुझ्याकडे आहे."

वैशाली पाणी प्यायली. तिने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "सोडू?"

"सोड."

वांगणीत शिरल्यावर गल्लीतली सगळी मंडळी बाहेर आली. सुनंदाताईंचे मिस्टरही दृष्टिहीन आहेत. ते दारात उभे होते. त्यांनी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सगळी सायकल हाताने बघितली. मग विचारलं, "तिसरी सीट नाही बसत का?"

हरेशभाई लगेच म्हणाले, "बैठेगी, साईं!" मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

आता दोघी रोज जातात. निघण्याआधी तपासणी सुनंदाताई करतात. सायकल स्टँडवर, मागचं चाक उचललेलं. एका हाताने पेडल फिरवायचं, मोटरचा आवाज सुरू झाला की पुढचा ब्रेक हलका दाबायचा. आवाज बंद झाला पाहिजे. पुन्हा पेडल, मग मागची लिव्हर. पुन्हा बंद. टायर दाबून हवा बघायची, बॅटरी हलवून कुलूप लागलंय ना बघायचं. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. हीच तपासणी आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवतो. बहुतेक जण मान हलवतात आणि करत नाहीत.

डबलसीट बघून आणखी ऑर्डरी आल्या. चिखलोलीच्या नव्या सोसायटीतले एक गृहस्थ आले. स्वतःसाठी आणि बायकोसाठी हवी होती. सगळं पसंत पडलं, फक्त एक शंका.

"मागे ती लिव्हर कशाला? चालवणार मी. मिसेस नुसत्या मागे बसणार. काढून टाका ती."

मी त्यांना डेमोच्या डबलसीटवर मागे बसवलं, लिव्हर दाबता येऊ नये अशी दोरीने बांधून टाकली आणि स्वतः पुढे बसून मोरिवलीच्या उतारावरून एक फेरी मारून आणली. हळूच मारली.

खाली उतरल्यावर त्यांनी रुमालाने मान पुसली.

"राहू द्या लिव्हर," म्हणाले. "आणि जरा मोठी लावा."