पेन्सिलीनं भरलेला फॉर्म

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये गाडीखाली आडवा होतो. बायकोनं लांब वायरीसकट रिसीव्हर ओढत आणून माझ्या कानाला लावला. "भावजी, हे गेले हो... ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या." मी उठायला गेलो आणि कपाळ गाडीच्या तळावर आपटलं. दिगू असता तर आधी टेंगूळ बघून पोटभर हसला असता, मग बर्फ आणला असता. त्याला आता पाच आठवडे झाले.

शोकसभेत वहिनी म्हणाल्या, "ती गिअरबॉक्सची गोष्ट सांगा ना. त्यांना फार आवडायची." मी सांगितली. माझ्या फजित्यांवर अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावच्या मराठी मंडळींची सात वर्षं फुकट करमणूक झाली आहे. त्या दिवशीही माणसं डोळे पुसता पुसता हसली. माझ्या सगळ्या फजित्या खऱ्या आहेत. ही एकच मी कायम खोटी सांगत आलो.

एक्क्याऐंशी साली, नोकरी नवी आणि अक्कल त्याहून कोवळी असताना, मी एक जुनी मसल कार घेतली. लांबलचक नाक, आठ सिलिंडर, एसी नाही... आणि राहायला अ‍ॅरिझोना! तीन महिन्यांत तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सनं मान टाकली. जुनाच दुरुस्त करून विकतात तसला रिबिल्ट बॉक्स टपालानं मागवायचा ठरला. शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर दिगू, मूळचा अमरावतीचा, दुकानाचा छापील फॉर्म घेऊन बसला. इंजिन कोणतं, गाडीचं वजन किती, मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण काय... स्वतः गाडीखाली सरपटत जाऊन तो एकेक आकडा आणायचा आणि पेन्सिलीनं लिहायचा. "पेननं लिहिलं का माणूस विचार करणं बंद करते बे," म्हणायचा. शेवटचा प्रश्न होता, गाडी कशासाठी वापरणार? "रेस लिही," मी म्हटलं. "रेसला जातोस का भाजी आणायला? रेसचा बॉक्स इंजिन जोरात फिरल्याशिवाय पकडच घेत नाही. गर्दीत हळू चालवशील तर सारा जोर तेल तापवण्यात जाईल." त्यानं लिहिलं, 'रोज, ऑफिस.' तो घरी गेल्यावर मी खोडरबर काढलं आणि लिहिलं, 'रेस'.

बॉक्स आला, सोबत फॉर्मही परत आला. फॉर्म मी गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये कोंबला. मेकॅनिकनं बॉक्स बसवून दोनच दिवस झाले आणि दिगूला तार आली. वडील अत्यवस्थ. तो टॅक्सी बोलावत होता, मीच म्हटलं, "अरे यार, माझी गाडी कशाला आहे? वीस मिनिटांत एअरपोर्ट!"

पुढं कुठंतरी अपघात झाला होता. हायवेवर आम्ही मधल्या लेनमध्ये अडकलो. डावीकडे दुधाचा टँकर, उजवीकडे काँक्रीट मिक्सर, दोन्ही इतके जवळ की दार उघडायची सोय नाही. जूनचं ऊन. जळक्या तेलाचा वास यायला लागला. दिगू म्हणाला, "हीटर लाव."

"जूनमध्ये?"

"लाव बे. तेवढी गर्मी इंजिनातून बाहेर येईल."

पायांवर गरम वाफ, मांडीवर पासपोर्ट, आणि डोक्यावरून एकेक विमान जातंय. अखेर पुढं जागा झाली. इंजिन गर्जलं, गाडी जागची हलली नाही. तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "आपण साधाच मागवला होता ना?"

"दुकानवाल्यानं चुकीचा पाठवला," मी म्हणालो.

विमान गेलं. पुढची सीट तीन दिवसांनी मिळाली. वडील दुसऱ्याच दिवशी गेले.

महिन्यानं तो परतला, मुंडण केलेल्या डोक्यावर जेमतेम केस. "किल्ली दे. दुसरा बॉक्स मी मागवतो," एवढंच म्हणाला. पुढं प्रत्येक पार्टीत मात्र आग्रह करायचा, "ती गिअरबॉक्सची सांग ना बे." मी सांगायचो. टँकर, मिक्सर, हीटर, तो नालायक दुकानवाला... वडिलांचं तेवढं गाळून. लोक खो खो हसायचे, आणि दुकानवाल्यापाशी आलो की दिगू हसणं थांबवून माझ्याकडे बघत राहायचा. पुढं अजून काही येतंय का, असं. आज सांगूनच टाकू, असं मला दर वेळी वाटायचं. पण गोष्ट एवढी रंगलेली असायची की टँकर-मिक्सरच्या मध्ये पुन्हा अडकल्यासारखं व्हायचं. दार उघडायला जागाच नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी एक फाइल दिली. वर माझं नाव. आत तोच फॉर्म, माझ्या ग्लव्ह बॉक्समधला. शेवटच्या प्रश्नापुढं माझा 'रेस' खोडलेला, तरी कागदावर त्याचा वळ दिसतोय. त्यावर दिगूच्या नीटस अक्षरात, 'रोज, ऑफिस. आणि भाजी.' दुसरा बॉक्स त्यानं याच कागदावर मागवला होता. म्हणजे सातही वर्षं...

फॉर्म मी पुन्हा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलाय, होता तिथेच. हे सगळं मात्र पेननं लिहिलंय.