कोपरा कापलेलं पत्र

धोंडीबाई,
नवसूला हे मोठ्यानं वाचायला सांग आणि दर ओळीला त्याला अडवू नकोस. तुझी गोष्ट मी तुलाच काय सांगणार? ही बाकीच्यांसाठी आहे. सेन्सॉर म्हणजे दिल्लीची आणि वर्तमानपत्रवाल्यांची भानगड, आपल्याला काय त्याचं, असं शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात. त्यांना जरा कळू दे. चुकलं असेल तिथं शिव्या घाल, पण वाचून झाल्यावर.

तर ऐका. सिद्धगडाच्या पायथ्याला भात आणि नाचणी पिकवणारं एक गाव आहे, तिथली ही धोंडीबाई. नवरा भिमा तरुणपणीच गेला. एकच मुलगा, सुनिल. तो फौजेत लागला, आणि जवळच्या धसईतल्या गणूच्या मुलीशी, माधुरीशी, त्याचा साखरपुडाही झाला. तुळशीचं लग्न लागलं की यांचा बार उडवायचा, असं ठरलं होतं.

धोंडीबाईला अक्षरओळख नाही. तरी "टपाल मला समाजता," असं ती ठसक्यात म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असलं की लग्न. कोपरा फाडलेला असला की कुणीतरी गेलं. असलं पत्र घरात न्यायचं नाही. अंगणात उभ्याउभ्या ऐकायचं, फाडून टाकायचं, आंघोळ करायची. तिच्या भावाचं तसंच आलं, नणंदेचं तसंच. सुनिलची पत्रं मात्र धड, चारी कोपऱ्यांची यायची. धोंडीबाई ती उशाखाली ठेवी.

१९९९ साली कारगिलची लढाई पेटली. सुनिल तिकडेच कुठेतरी होता. इकडे भाताची आवणी चालू होती. धोंडीबाई गुडघाभर चिखलात वाकलेली, आणि टपाल वाटणारा नवसू छत्री सावरत बांधावरून आला. त्याच्या हातात सुनिलचं आंतर्देशीय होतं. एक कोपरा कात्रीनं साफ उडवलेला, त्यावर खाकी चिकटपट्टी.

"तिथंच थांब, नवस्या," ती म्हणाली. "पुढं येव नको."

"अगो मावशे, सुनिलचा हाय."

"दिसला मला."

नवसूनं बांधावरच फोडून वाचलं. मी बरा आहे. थंडी फार आहे. मग दोन ओळी काळ्या शाईनं गडद बुजवलेल्या. मग माधुरीच्या घरी नमस्कार सांग.

"बघ! बरा हाय म्हंतोय! खुशाल हाय पोरगा!"

"कदी लिवलाय?"

नवसूनं तारीख पाहिली. पत्राला महिन्याच्या वर झालं होतं.

"लिवताना जिता होता," धोंडीबाई म्हणाली. हातातली रोपाची जुडी तिनं खाली ठेवली. "कापनाऱ्याला मागनं कललं आसल. त्यानं कोपरा कापून धाडला. आनि चांगला आसता त काला कशाला केला आसता?"

शेजारच्या वाफ्यातून तिची जाऊ तानी हंबरडा फोडत आली. धोंडीबाईनं पत्र फाडलं, ओहोळात सोडलं आणि आंघोळीला गेली. संध्याकाळच्या एस्टीनं ही बातमी धसईला पोचली.

मी तेव्हा मुरबाडच्या शाळेत शिकवायची. नवसूनं मला निरोप धाडला, म्हणून मी गेले. मी तिला कायदा सांगितला. लढाई-आणीबाणीच्या वेळी सरकारला कुणाचंही टपाल उघडता येतं, तार अडवता येते, छापलेलं थांबवता येतं. इंग्रजांच्या काळापासून ही मुभा आहे. तुझा मुलगा कुठे आहे ते शत्रूला कळू नये म्हणून ओळी काळ्या केल्या. कोपरा उघडण्यापुरता कापला, बाकी त्यात काही नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, सरकार येवढा शिकलेला. त्याच्यात कोनाचा मानूस मरत नाय काय? कोपऱ्याचा त्याला ठाव नाय?"

मी वैतागले. "अगं, त्या बिचाऱ्याच्या टेबलावर पत्रांचा ढीग असतो! तो कोपरे बघत बसेल?"

"मंग आमी काय बगायचा?"

मुरबाडहून तार करायचा खटाटोप आम्ही केला. तिकडच्या तारा तपासून पुढे जातात, वेळ लागेल, असं कळलं. उत्तर आलं नाही. पुढली पत्रं मात्र येत राहिली, एकेक महिना शिळी, सगळीच कोपरा कापलेली. धोंडीबाई ती अंगणात येऊ देईना. नवसूनं पुढची तारीख दाखवली की म्हणायची, "मागला कोपरा चुकला आसल, हा नाय." नवसू ती परस्पर वाचायचा आणि गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवायचा. लढाई संपल्याचं रेडिओवर सांगितलं तेव्हाही ती म्हणाली, "संपली आसल. माझी कदीच संपली." पण तिनं दिवसही घातले नाहीत. देह नाही, सरकारी कागद नाही, दिवस कुणाचे घालायचे? ना सुतक, ना सण, अशी ती श्रावणापासून बसून राहिली.

गणपती गेल्यावर माधुरीचा बाप गणू आला. टोपी काढून ओटीवर बसला. बराच वेळ भाताच्या रोगाबद्दल बोलला.

"येहीनबाई," शेवटी म्हणाला, "सापगावचा एक स्थल आलाय. तुमी बोलाल तसा. पोरगी थांबाया तयार हाय."

नवसू तिथेच होता. तो ओरडला, "गणूदादा, चार पत्रा आली त्याची! मी सोता वाचली!"

"वाचली रे. पन चारीचा कोपरा कापलेला, का खोटा?"



सगळे धोंडीबाईकडे बघू लागले. थांब, एवढंच तिनं म्हणायचं होतं. गणू थांबला असता, माणूस सरळ होता.

"पोरीला माझ्यासारी करू नको," ती म्हणाली. "दे सापगावला." आत जाऊन तिनं साखरपुड्याचा नारळ आणून त्याच्यासमोर ठेवला. मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर भडकले, काय वाटेल ते बोलले. ती म्हणाली, "बाई, तुमाला पोरगी हाय का?"

तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्याच मुहूर्तावर माधुरीचं लग्न लागलं. मांडवाचे बांबू अजून उभेच होते, आणि धसईच्या स्टँडवर सुनिल ट्रंक घेऊन उतरला. मांडव पाहून त्यानं चहावाल्याला हसत विचारलं, "कोनाचा रे बार उडाला?" चहावाला कपबशा विसळतच राहिला.

घरी आई त्याच्या तोंडावरून, कानांवरून, बोटांवरून हात फिरवत बसली. रडली नाही. त्यानं तिचे हात धरून खाली ठेवले.

"आये, मी लिवत होतो ना?"

"कोपरा कापलेला होता रे."

त्याला आधी हसू आलं. मग तो उठून गोठ्याकडे गेला. वळचणीची पत्रं काढून त्यानं एकेक उलगडली. ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"काल्याच्या खाली काय लिवला होतास?"

"डोंगराचा नाव."

"डोंगराचा?" तिनं मान वर करून सिद्धगडाकडे पाहिलं. "डोंगर कोनापासून लपतो काय?"

सुट्टी उरली असतानाच सुनिल परत गेला. त्यानं आईला एक वाकडा शब्द ऐकवला नाही, आणि तिला तेच सोसेना. पत्र लिहिणं मात्र त्यानं सोडलं. पुढे धसईला फोनचं दुकान झालं, तिथे चार महिन्यांतून एकदा निरोप ठेवी. लग्नाचा विषय काढला की तिकडून फोन ठेवला जाई.

धोंडीबाई, आता हे तुला. सुनिल परत गेला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी तू मला गाठलंस आणि म्हणालीस, "त्या कापनाऱ्याला माझ्या नावानं लिवा. राग नाय म्हनावा. त्याचा काम हाय, सगला उघड, सगला वाच. पन कोपरा सोड. बाजूनं काप, मधी काप. आमच्याकडं आया वाचत नाय." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. पोस्टात विचारलं, माजी सैनिकांना विचारलं, ठाण्याला एका वकिलालाही विचारलं. सगळ्यांनी हेच सांगितलं, की त्या माणसाला नाव नसतं आणि पत्ताही नसतो. दर बाजारी तू विचारायचीस, "धाडला का?" मी म्हणायची, "पुढल्या आठवड्यात." नवसू, हेही वाच, गाळू नकोस. ते पत्र अजून गेलेलं नाही.